मॉडेल गप्प असेल तिथे जनरेटरने थांबावे

महोदय,

मायक्रोसर्व्हिसचे मॉडेल काढा, बटण दाबा आणि कंटेनर चढवायच्या सगळ्या फाइली तयार मिळवा, असे सांगणारे लेख तंत्रज्ञानाच्या पानांवर वरचेवर येतात. दावा खोटा नाही. पण त्यातला जो भाग सांगायचा राहतो, तोच पुढे रात्रीबेरात्री फोन वाजवतो. म्हणून हे पत्र, थोडे सविस्तर.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी आधी पार्श्वभूमी. मोठे सॉफ्टवेअर लहान लहान स्वतंत्र सेवांत विभागले की प्रत्येक सेवा आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे तिला लागणारे सारे सोबत बांधलेल्या वेगळ्या पेटीत, चालते. कंटेनर बांधणारे आणि चालवणारे डॉकर २०१३ साली आले, अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणारे कुबरनेटीस २०१४ मध्ये जाहीर झाले, आणि तेव्हापासून प्रत्येक सेवेच्या मागे फाइलींचा एक संच लागू लागला. इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून चालतो तो तयार गठ्ठा, कशी बांधायची ते सांगणारी डॉकरफाइल, विकासकाच्या यंत्रावर सगळ्या सेवा एकत्र उठवणारी कंपोज फाइल, आणि क्लस्टरसाठी, म्हणजे सेवा चालवणाऱ्या यंत्रांच्या समूहासाठी, डिप्लॉयमेंट (सेवेच्या प्रती किती आणि कशा चालवायच्या), सर्व्हिस (तिचा जाळ्यातला पत्ता), कॉन्फिगमॅप (तिची सेटिंग्ज) वगैरे. सेवा वीस असल्या तर ऐंशी-शंभर फाइली सहज होतात, आणि बराचसा मजकूर एकमेकांची नक्कल असतो. मॉडेल म्हणजे या साऱ्याच्या वरचे वर्णन: सेवा कोणत्या, त्यांचे इंटरफेस काय, कोण कोणाला हाक मारतो, कोणाचा डेटाबेस कुठला, निरोप कोणत्या ब्रोकरमधून जातात. जनरेटर हे वर्णन वाचून फाइली लिहितो.

कल्पना नवी नाही. क्लाउडवरच्या प्रणालींचे वर्णन करण्याचे टोस्का हे ओएसिस संस्थेचे मानक २०१३ चे आहे. सेवांचा सांगाडा तयार करणाऱ्या जेहिप्स्टर या साधनाच्या जेडीएल भाषेत सेवांसोबत डिप्लॉयमेंटचा भागही लिहिता येतो. कोम्पोज हे साधन कंपोज फाइलीवरून कुबरनेटीसच्या फाइली काढून देते. जर्मनीतल्या डॉर्टमुंड इथे घडलेल्या लेमा या भाषासमूहात डोमेन, सेवा, तंत्रज्ञान आणि ऑपरेशन यांची मॉडेले वेगवेगळी लिहितात. आमच्या मते हा शेवटचा विचार सगळ्यात महत्त्वाचा आहे. का, ते पुढे येईलच.

फायदा खरा कुठे होतो, तेही सांगायला हवे. कुबरनेटीसच्या १.१६ आवृत्तीत डिप्लॉयमेंटची जुनी बीटा एपीआय काढून टाकली, १.२२ मध्ये इन्ग्रेसची, म्हणजे बाहेरची विनंती योग्य सेवेकडे नेणाऱ्या नियमांची. इन्ग्रेसच्या वेळी नुसते आवृत्तीचे नाव बदलून भागले नाही. बॅकएंडची (विनंती ज्या सेवेकडे जाते तिच्या उल्लेखाची) रचना बदलली आणि प्रत्येक मार्गाला पाथ-टाइप (मार्ग कसा जुळवायचा ते) देणे सक्तीचे झाले. हाताने लिहिलेल्या फाइली असतील तर प्रत्येक सेवेत शिरून हे करावे लागते, आणि एखादी सेवा हमखास राहून जाते. जनरेटर असेल तर टेम्प्लेट, म्हणजे फाइलींचा साचा, एकदा बदलायचे. नवी सेवा पाच मिनिटांत उभी राहते, ही जाहिरातीतली गोष्ट त्यापुढे किरकोळ आहे. नवी सेवा रोज कुठे जन्माला येते?

आता मूळ मुद्दा. फाइलीत लागणारी प्रत्येक गोष्ट मॉडेलमध्ये नसते. जिथे मॉडेल काही बोलत नाही तिथे बहुतेक जनरेटर स्वतःच्या मनाने एक किंमत भरतात. ती किंमत एकदा फाइलीत छापली गेली की ती अंदाजाने आली की कुणी विचार करून दिली, हे वाचणाऱ्याला कळत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की अशा ठिकाणी जनरेटरने फाइल लिहू नये, चूक दाखवून थांबावे.

मेमरीचे उदाहरण घ्या. सेवेच्या मॉडेलमधून तिला मेमरी किती लागते हे कधीच कळत नाही. टेम्प्लेट लिहिणारा सगळ्यांना ५१२ मेबीबाइटची (एक मेबीबाइट म्हणजे १०२४ गुणिले १०२४ बाइट) मर्यादा देऊन मोकळा होतो. सेवा जाव्हात असेल आणि हीपचा, म्हणजे प्रोग्रामच्या वस्तू ठेवण्याच्या मेमरीचा, आकार सांगितला नसेल, तर जेव्हीएम (जाव्हा चालवणारी प्रणाली) कंटेनरच्या मर्यादेच्या २५ टक्के एवढाच कमाल हीप घेते, म्हणजे १२८ मेबीबाइट. उरलेली मेमरी बरीचशी पडून, आणि सेवा मात्र हीप संपल्याचे रडगाणे गाते. हे पाहून कुणीतरी हीपचे प्रमाण ९० टक्क्यांवर नेतो. मग थ्रेडचे स्टॅक, मेटास्पेस आणि हीपबाहेरचे बफर यांना जागा उरत नाही, कर्नल प्रक्रिया मारून टाकतो आणि पॉडपुढे (पॉड म्हणजे कुबरनेटीसमधले कंटेनर चालवण्याचे एकक) 'ओओएम-किल्ड', निर्गमन संकेत १३७ असे दिसते. दोन्ही टोकांच्या मधली योग्य किंमत त्या सेवेवर भार टाकून मोजावी लागते. ती टेम्प्लेटमधून येऊ शकत नाही.

एककांची गंमत तर आणखी घातक. कंपोज फाइलीत ५१२ पुढे लहान लिपीतला 'एम' म्हणजे मेबीबाइट. कुबरनेटीसमध्ये तोच लहान 'एम' म्हणजे हजारावा भाग. सीपीयूसाठी ते ठीक आहे, ५०० 'एम' म्हणजे अर्धा कोअर. पण मेमरीच्या रकान्यात तीच अक्षरे आली तर मर्यादा होते साधारण अर्धा बाइट, आणि तो कंटेनर सुरूच होऊ शकत नाही. मोठा 'एम' लिहिला तर दशमान मेगाबाइट, 'एमआय' लिहिले तर मेबीबाइट. ५१२ एमआय म्हणजे ५३,६८,७०,९१२ बाइट. नुसत्या मोठ्या 'एम'च्या तुलनेत सुमारे अडीच कोटी बाइट जास्त. एकाच मॉडेलवरून दोन्ही प्रकारच्या फाइली काढायच्या असतील तर मॉडेलमध्ये मेमरी बाइटांच्या आकड्यात ठेवावी आणि लिहिताना त्या त्या फाइलीच्या एककात बदलावी. अक्षरांची साखळी जशीच्या तशी इकडून तिकडे नेली की हा घोटाळा ठरलेलाच.

बाणांचे तर विचारू नका. मॉडेलमध्ये ऑर्डर सेवेकडून पेमेंट सेवेकडे बाण असतो. त्याचा अर्थ 'ऑर्डर सेवा पेमेंट सेवेला हाक मारते' एवढाच. जनरेटर मात्र त्यावरून कंपोजमध्ये 'डिपेंड्स ऑन' लिहितो, म्हणजे 'पेमेंट आधी सुरू करा'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातही साधे 'डिपेंड्स ऑन' फक्त कंटेनर सुरू होण्याचा क्रम पाळते. आतला डेटाबेस जोडण्या घ्यायला तयार झाला का, हे ते पाहत नाही. त्यासाठी हेल्थचेक लिहून 'सर्व्हिस हेल्दी' अशी अट घालावी लागते. दोन सेवा एकमेकींना हाक मारत असतील तर मॉडेल अगदी योग्य असते, पण सुरू होण्याच्या क्रमात वर्तुळ तयार होते आणि कंपोज फाइल नाकारते. कुबरनेटीसच्या डिप्लॉयमेंटमध्ये अशा क्रमाची सोयच नाही. तिथे सेवेने स्वतः पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे असतात, किंवा फार तर इनिट कंटेनर (मुख्य कंटेनरच्या आधी चालून संपणारा) ठेवायचा. म्हणून मॉडेलमध्ये 'हाक मारते' आणि 'याच्याशिवाय सुरूच होऊ शकत नाही' हे दोन वेगळे संबंध लिहिता आले पाहिजेत, आणि दुसरा फार जपून वापरला पाहिजे.

याच बाणांवरून काही जनरेटर प्रोबही, म्हणजे सेवा ठीक आहे का ते पाहणाऱ्या तपासण्याही, तयार करतात, आणि आमच्या पाहण्यातली सर्वांत महागडी चूक हीच. सेवा डेटाबेसवर अवलंबून आहे ना, मग लाइव्हनेस प्रोबमध्ये डेटाबेसही तपासा, असा सरळ हिशोब असतो. कुबरनेटीसचे मूळ आकडे असे: दर १० सेकंदांनी तपासणी, १ सेकंदात उत्तर, सलग ३ अपयश आले की कंटेनर पुन्हा सुरू. डेटाबेस अर्धा मिनिट मंदावला तर त्याच्या आधाराने चालणाऱ्या सगळ्या सेवांचे सगळे पॉड जवळपास एकाच वेळी मारले जातात. मग ते सगळे एकदम उठतात, एकदम नव्या जोडण्या मागतात, आणि कसाबसा सावरणारा डेटाबेस पुन्हा आडवा होतो. लाइव्हनेसने फक्त ही प्रक्रिया अडकली आहे का एवढेच विचारावे. बाहेरच्या अवलंबनाचा प्रश्न रेडिनेसचा, म्हणजे सेवा विनंत्या घ्यायला तयार आहे का या तपासणीचा, आणि तिथेही प्रत्येक बाण तपासायचा नसतो. उठायला वेळ घेणाऱ्या सेवेला स्टार्टअप प्रोब द्यावा. लाइव्हनेसची सुरुवातीची सवलत फुगवत बसू नये. यातले काहीही बाणावरून आपोआप ठरत नाही.

नावे मात्र मॉडेलवरून निघतात आणि निघावीत. तरी तिथेही पथ्ये आहेत. मॉडेलमध्ये सेवेचे नाव दोन शब्द जोडून, मधले अक्षर मोठे करून लिहिलेले असते. कुबरनेटीसच्या सर्व्हिसच्या नावात लहान रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालते, सुरुवात अक्षराने, लांबी जास्तीत जास्त ६३. अंडरस्कोअर चालत नाही. रूपांतर करताना दोन वेगळी नावे एकच होऊ शकतात. लांब नाव कापले तर हमखास होतात, कारण संघाचे आणि प्रकल्पाचे नाव पुढे असते आणि फरक शेपटाकडे असतो. जनरेटरने सर्व नावे आधी रूपांतरित करून टक्कर तपासावी आणि टक्कर आढळली तर थांबावे. स्वतःच मागे आकडा जोडून पुढे जाऊ नये. नाही तर उद्या मॉडेलमधला क्रम बदलला की आकडे अदलाबदल होतात आणि एका सेवेची फाइल दुसरीवर जाते.

डिप्लॉयमेंटचा सिलेक्टर, म्हणजे आपले पॉड लेबलांवरून ओळखण्याचा नियम, एकदा तयार झाला की बदलता येत नाही. टेम्प्लेट सुधारताना कुणी सिलेक्टरमध्ये आवृत्तीचे किंवा संघाचे लेबल घातले, तर पुढच्या वेळी क्लस्टर 'हा रकाना अपरिवर्तनीय आहे' म्हणून सगळ्याच फाइली परत पाठवते. उपाय एकच: सिलेक्टरमध्ये कधीही न बदलणारे एकच लेबल ठेवायचे, बाकीची लेबले मेटाडेटात.

नावांवरून येणारा आणखी एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो. कुबरनेटीस त्याच नेमस्पेसमधल्या (क्लस्टरच्या त्याच विभागातल्या) प्रत्येक सर्व्हिससाठी पॉडमध्ये पर्यावरण-चल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणारी नाव-किमतीची जोडी, टाकते. सर्व्हिसचे नाव 'रेडिस' असेल तर 'रेडिस पोर्ट' या नावाचे चल आपोआप येते, आणि त्यात नुसता ६३७९ हा पोर्टचा आकडा नसतो. 'टीसीपी' पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता असतो. सेवेच्या कोडमध्ये त्याच नावाचे चल वाचून आकडा अपेक्षिलेला असेल तर सुरू होतानाच ती कोसळते. वर ही चले पॉड तयार होतानाच भरली जातात. त्यामुळे सर्व्हिस नंतर आली असेल तर चूक लगेच दिसत नाही, महिन्याभराने पॉड दुसऱ्या नोडवर (क्लस्टरमधल्या दुसऱ्या यंत्रावर) गेला की प्रकट होते. टेम्प्लेटमध्ये 'इनेबल सर्व्हिस लिंक्स' बंद ठेवले की प्रश्न मिटतो. असे एका जागी केलेले शहाणपण सगळ्या सेवांना मिळते, हा जनरेटरचा खरा गुण.

यॅमल, म्हणजे या फाइली ज्या स्वरूपात असतात ते, कसे लिहायचे याबद्दल आमचे मत ठाम आहे. मजकुराच्या टेम्प्लेटमध्ये मोकळ्या जागा मोजत यॅमल जोडू नये. स्मृतीत वस्तूंचे झाड उभे करावे आणि लायब्ररीकडून ते लिहून घ्यावे, सगळ्या शब्दकिमती अवतरणात. कारण यॅमल १.१ च्या नियमाने वाचणाऱ्या पार्सरला अवतरणाशिवायचा इंग्रजी 'नो' म्हणजे असत्य वाटतो, आणि २२:२२ ही पोर्टची जोडी साठमान पद्धतीने १३४२ अशी वाचली जाते. आवृत्ती १.१० ची १.१ होते. इमेजच्या टॅगला कमिटचा छोटा हॅश (कोडमधल्या त्या बदलाची अंक-अक्षरांची खूण) वापरत असाल आणि त्यात योगायोगाने सगळे अंक व मधे एकच रोमन 'ई' आला, तर काही पार्सर त्याला दहाचा घात समजतात. शेकडो बिल्डमधून एखादेच असे फसते आणि कारण सापडता सापडत नाही. उलट बाजूने, पर्यावरण-चलाची किंमत ८०८० अशी उघडी लिहिली तर कुबरनेटीस ती घेत नाही, तिथे शब्दच लागतो. कुबरनेटीसच्या फाइली टेम्प्लेटमधून काढणाऱ्या हेल्म या साधनाची टेम्प्लेटे मजकुराचीच असतात आणि तरी जग चालते, हे आम्हाला मान्य आहे. पण हेल्म माणसाने लिहायचे असते. यंत्राने यंत्रासाठी लिहिताना ती कसरत कशाला?

डॉकरफाइलीबद्दल थोडक्यात. मूळ इमेज तंत्रज्ञानाच्या मॉडेलमधून यावी आणि तिचा टॅग नेमका असावा. 'लेटेस्ट' कधीच नको. बांधणी दोन टप्प्यांत करावी, म्हणजे कंपायलर अंतिम इमेजमध्ये राहत नाही. अवलंबनांची यादी आधी कॉपी करून ती उतरवून घ्यावी, मग कोड कॉपी करावा. क्रम उलटा झाला तर एका ओळीच्या बदलासाठी सगळी अवलंबने पुन्हा उतरतात. सुरू करण्याची आज्ञा यादीच्या रूपात लिहावी. शेलच्या रूपात लिहिली तर पहिली प्रक्रिया शेल होऊ शकते, थांबण्याचा संकेत सेवेपर्यंत पोहोचत नाही, कुबरनेटीस ३० सेकंद वाट पाहते आणि मग ठार मारते. हातातल्या विनंत्या अर्ध्यावर तुटतात. वापरकर्ता रूट नसावा आणि त्याचा क्रमांक लिहावा. नुसते नाव लिहिले तर 'रन ॲज नॉन-रूट' लावलेल्या पॉडमध्ये ते नाव रूटचे नाही याची खात्री करता येत नाही म्हणून कंटेनर अडवला जातो.

पासवर्ड मॉडेलमध्ये नकोत, जनरेट झालेल्या सीक्रेट (कुबरनेटीसमध्ये गुपिते ठेवण्याच्या) फाइलीतही नकोत. सीक्रेटमधली बेस-६४ ही फक्त लिहिण्याची पद्धत आहे, कुलूप नव्हे. जनरेटरने सीक्रेटच्या नावाचा उल्लेख तेवढा लिहावा. सीक्रेट तिथे आहे की नाही हे पाहणे क्लस्टरच्या बाजूचे काम.

आता ज्या गोष्टी माहीत असल्या तरी फाइलीत लिहूच नयेत, त्यांच्याबद्दल. स्वयं-विस्तारक, म्हणजे एचपीए, वापरत असाल तर पॉडची संख्या तो ठरवतो. फाइलीत 'रेप्लिका ३', म्हणजे तीन पॉड, असेल तर गर्दीत बारावर गेलेली सेवा पुढच्या अप्लायला (फाइली क्लस्टरवर चढवताना) तीनवर आपटते, मग हळूहळू पुन्हा चढते. म्हणून ती ओळ काढायची, पण तीही सरळ काढता येत नाही. आधीच्या अप्लायमध्ये ती असेल आणि आता नसेल, तर संख्या एकदा मूळ किमतीवर, म्हणजे १ वर येते. आधी 'अप्लाय एडिट-लास्ट-अप्लाइड' ही आज्ञा वापरून शेवटच्या नोंदीतून ती ओळ काढावी, मगच नवी फाइल चढवावी.

डेटाबेसचेही तसेच. मॉडेलमध्ये तो चौकोन दिसला की जनरेटर त्याचेही साधे डिप्लॉयमेंट आणि एक व्हॉल्यूम (डेटा साठवण्याची जागा) करून टाकतो. विकासकाच्या कंपोज फाइलीत ते हवेच. उत्पादनात मात्र रोलिंग अपडेटच्या (जुने पॉड टप्प्याटप्प्याने बदलण्याच्या) वेळी नवा पॉड दुसऱ्या नोडवर गेला तर एकाच नोडला जोडता येणारे व्हॉल्यूम जुन्याकडे अडकलेले असते आणि अपडेट लटकते. तिथे स्टेटफुलसेट (पॉडची ओळख आणि साठा टिकवणारा प्रकार) लागतो, बॅकअप लागतो, आवृत्ती चढवण्याची स्वतंत्र योजना लागते. आम्ही उत्पादनाचा डेटाबेस जनरेटरच्या कक्षेबाहेर ठेवावा असेच म्हणू. फक्त पत्ता आणि सीक्रेटचे नाव द्यावे.

तयार फाइलीत हाताने बदल करायचा नाही, हे सगळे सांगतात आणि पाळत कुणी नाही, कारण पाळण्याची सोय केलेली नसते. एखाद्या सेवेला विशेष टॉलरेशन (राखून ठेवलेल्या नोडवर चालण्याची मुभा) हवे असेल तर ते कुठे लिहायचे? दोन जागा असाव्यात: नेहमी लागणारे असेल तर ऑपरेशनच्या मॉडेलमध्ये रकाना वाढवावा, एकाच सेवेपुरते असेल तर कस्टमाइझ या साधनाचा पॅच (तयार फाइलीवर वरून लावायचा बदल) वेगळ्या फोल्डरमध्ये. जनरेटरने त्या फोल्डरला हात लावू नये. फाइलीत 'इथून इथपर्यंत तुमचे' अशा संरक्षित जागा सोडण्याची जुनी पद्धत आम्हाला पटत नाही. टेम्प्लेटची रचना बदलली की त्या जागा हरवतात.

तयार फाइली रिपॉझिटरीत ठेवाव्यात का, यावर वाद आहे. पुन्हा तयार करता येतात त्या कशाला साठवायच्या, हा युक्तिवाद तर्काला धरून आहे, तरी आम्ही साठवण्याच्या बाजूचे. टेम्प्लेटमधल्या एका ओळीचा वीस सेवांवर काय परिणाम झाला, हे फरक समोर दिसल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. मात्र त्यासाठी त्याच मॉडेलवरून दोनदा फाइली काढल्या तर एका अक्षराचाही फरक येता कामा नये. किल्ल्या क्रमाने लावलेल्या, 'अमुक वाजता तयार केली' असली ओळ नाही. ती एक ओळ असली तरी रोज शंभर फाइली बदललेल्या दिसतात आणि तपासणारा डोळे मिटून मंजुरी देऊ लागतो. कॉन्फिगमॅप बदलला तरी पॉड आपोआप नव्याने सुरू होत नाहीत, म्हणून त्याच्या मजकुराची चेकसम पॉडच्या अॅनोटेशनमध्ये लिहावी. ती मजकुरावरूनच निघते, त्यामुळे विनाकारण बदलत नाही. आणि मॉडेलमधून सेवा काढली तरी क्लस्टरमधून ती जात नाही. फाइल नाहीशी झाली एवढेच. पॉड चालूच राहतो. प्रत्येक वस्तूवर मॉडेलच्या नावाचे लेबल असेल तरच अशी अनाथ मंडळी शोधता येतात.

लेमाने ऑपरेशनचे मॉडेल वेगळे ठेवले ते आम्हाला का पटते, ते आता स्पष्ट होईल. सेवेचे इंटरफेस विकासक जाणतो; मेमरी, प्रोब, पॉडची संख्या हे सेवा चालवणाऱ्याला कळते. दोघांनी आपापली फाइल लिहावी. दुसऱ्या फाइलीत रकाना रिकामा असेल तर जनरेटरने 'ऑर्डर सेवेची मेमरी मर्यादा दिलेली नाही, अमुक मॉडेल, अमुक ओळ' असे सांगून थांबावे आणि त्या सेवेची एकही फाइल लिहू नये. अर्धवट संच लिहिणे सर्वांत वाईट, कारण नवे डिप्लॉयमेंट आणि जुना कॉन्फिगमॅप एकत्र चढतात.

ज्यांच्याकडे हाताने लिहिलेल्या फाइलींवर आधीच सेवा चालू आहेत, त्यांनी एकच सेवा निवडून सुरुवात करावी. सगळ्यात साधी नको, मधली घ्यावी. मॉडेल लिहून फाइली काढाव्यात आणि 'क्यूबसीटीएल डिफ' ही फरक दाखवणारी आज्ञा लावून त्या चालत्या क्लस्टरशी ताडून पाहाव्यात. सर्व्हरच्या बाजूचा ड्राय-रनही (प्रत्यक्ष काही न बदलता चाचणी) करावा, कारण नुसती यॅमलची व्याकरण-तपासणी अपरिवर्तनीय सिलेक्टरची चूक पकडत नाही. सुरुवातीला फरकांची लांबलचक यादी येते. लेबलांचे आणि क्रमाचे फरक सोडून द्यावेत. उरलेल्यांपैकी प्रत्येक ओळ कुणीतरी कधीतरी अडचणीत सापडून हाताने घातलेली असते: वाढवलेला टाइमआउट, एखादे टॉलरेशन, प्रोबचा बदललेला मार्ग. त्या ओळी एकेक करून मॉडेलमध्ये किंवा पॅचमध्ये आणाव्यात, आणि डिफ रिकामा येईपर्यंत अप्लाय करू नये.

आपले,
कंटेनर-व्यवस्थापनाचे काम करणारे काही वाचक